अस्तराच्या बाजूने इस्त्री

४ फेब्रुवारी

भुंगे,

आशीर्वाद घे आणि बाजूला ठेव, कारण आधी मला जाब विचारायचाय.

तुझी आई म्हणते, तू जनावरांच्या दवाखान्यात लागलीस. तुझा बाप म्हणतो, दवाखाना नाही, संशोधन. पुढे विचारलं तर दोघं एकमेकांकडे बघतात. तुला फोनवर विचारलं तर तू म्हणतेस, "आजी, ते फार गुंतागुंतीचं आहे गं." अगं, पन्नास वर्षं मी लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली. सोळा चुण्यांचा झगा ओला गोळा होऊन यायचा, तोही सरळ करून दिलाय. मला गुंता सांगतेस?

आणि फोन मला नकोच. फोनवर तू विचारतेस "बरी आहेस ना", मी म्हणते "बरी", की दोघींचं बोलणं संपलं. पत्र दोनदा वाचून घेता येतं.

हे लिहितायत आपले शिंपीभाऊ, शेजारच्या गाळ्यातले. अक्षर त्यांचं, अक्कल माझी. हे वाक्य लिहायला कुरकुरले, पण लिहिलं. तुझं पत्रही तेच वाचून दाखवणार, तेव्हा अक्षर जरा माणसासारखं काढ.

तर नीट सांग. डुकरं आहेत असं ऐकलं. त्यांना तापवता म्हणे. कशाला तापवता? किती तापवता? त्यांना कळतं का? आणि तू तिथे नक्की काय करतेस, तापवतेस की नुसती बघतेस? लहानपणी तू विस्तवाजवळ बसून नुसती बघायचीस आणि भुणभुण करायचीस, "हे लाल का, ते निळं का". तेव्हापासून तुझं नाव भुंगी पडलं. आता माझी पाळी.

माझी तब्येत ठणठणीत आहे. ते विचारू नकोस.

तुझी आजी


१३ फेब्रुवारी

प्रिय आजी,

शिंपीकाकांना नमस्कार. अक्षर माणसासारखं काढते आहे.

मूत्रपिंडं दोन असतात, पाठीच्या खालच्या बाजूला. दोन्हींना रक्त नेणारी एकेक मोठी शीर असते. त्या शिरेच्या बाहेरच्या अंगाला बारीक तंतू चिकटलेले असतात. ते मेंदूचे निरोप ने-आण करतात. काही माणसांमध्ये हे तंतू अखंड बडबडत राहतात, मूत्रपिंड ते ऐकतं, आणि रक्तदाब चढतो. चार-चार गोळ्या घेऊनही उतरत नाही. तर कल्पना अशी की जांघेतून शिरेत एक नळी सरकवायची, बुटाच्या नाडीएवढी. तिच्या टोकाला धातूचा मणी. तो शिरेच्या भिंतीला टेकवून दोन मिनिटं तापवायचा. असे एका शिरेत चार डाग द्यायचे, दोन्हींत मिळून आठ. भाजले की तंतू गप्प होतात.

माणसांवर हे करायच्या आधी शीर खराब होत नाही ना, हे बघावं लागतं. डुकराच्या शिरा माणसासारख्याच असतात, म्हणून डुकरं. चोवीस आहेत. भूल दिलेली असते, त्यामुळे तापवताना त्यांना कळत नाही. उठल्यावर दुसऱ्या दिवशी खायला मागतात, ओरडून.

शिंपीकाका, हा पुढचा परिच्छेद आजीला वाचून दाखवू नका. सोळांना तीस दिवसांनी आणि आठांना नव्वद दिवसांनी पुन्हा भूल देतात, ती शेवटची. शीर बाहेर काढल्याशिवाय ती आतून कशी आहे ते कळत नाही.

माझं काम त्यानंतर सुरू होतं. शिरेचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचपट्टीवर ठेवायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. म्हणजे मी तापवत नाही, मी नुसती बघते. तू बरोबर ओळखलंस.

सोळा जनावरं बघून झाली. सगळं स्वच्छ. फक्त काल अकरा नंबरच्या डुकरिणीच्या शिरेत, अगदी आतल्या अस्तरावर, एक डाग सापडला. छोटासा. आमच्या विभागाच्या प्रमुख आहेत, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्या म्हणाल्या, सोडून दे. मला सोडवत नाहीये.

तुझी,
भुंगी


२२ फेब्रुवारी

भुंगे,

"हा परिच्छेद आजीला वाचून दाखवू नका" हे शिंपीभाऊंनी खणखणीत आवाजात वाचलं, आणि पाठोपाठ परिच्छेदही वाचला. मग जीभ चावली. असो. तू लपवलं नाहीस हे बरं केलंस. शेवटच्या दिवशी त्यांच्याजवळ कोणी बसतं का, एवढं कळव.

आता भानगड ऐक. तुझं पत्र वाचून आम्ही दोन दिवस भांडतोय. शिंपीभाऊंचं म्हणणं, डुकरिणीच्या शिरेत डाग सापडला म्हणजे कोणाची तरी कुडी नाहीतर अंगठी पडलीय आत, नळी घालताना. मी म्हटलं, खरंच की, बायका हात धुताना अंगठी काढतात आणि विसरतात. मग आम्ही ठरवलं, तुझ्या मोठ्या बाईंचीच असणार, म्हणून त्या "सोडून दे" म्हणतायत. कोणा गरिबाचा डाग असता तर सोडला असता का? दोन दिवस त्या बाईला आम्ही नावं ठेवली. गिऱ्हाइकांनाही सांगितलं.

तिसऱ्या दिवशी एक पांढरी चादर माझ्यापुढे आली, पिवळ्या ठिपक्याची, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. डाग म्हणजे डाग! आपण दागिन्याला म्हणतो तो नव्हे, कपड्यावर पडतो तो! शिंपीभाऊ म्हणाले, "मग आधी लिहिलंय 'चार डाग द्यायचे' ते कसले?" मी म्हटलं, तो चटका. द्यायचा तो डाग वेगळा, पडतो तो वेगळा आणि घालायचा तो आणखी वेगळा. तुम्ही शिकलेली माणसं एकच शब्द तीन ठिकाणी वापरता आणि मग म्हणता, म्हातारीला कळत नाही. मोठ्या बाईंची माफी माग माझ्या वतीने. कशाबद्दल ते सांगू नकोस.

पण कळल्यावर मला खरा प्रश्न पडला. तू म्हणतेस, मणी आत आहे आणि भाजायचं बाहेरचं. म्हणजे तुम्ही कोट उलटा करून अस्तराच्या बाजूने इस्त्री फिरवता, आणि म्हणता, अस्तराला काही होता कामा नये, भाजायचं ते वरचं कापड. हे कसं जमतं? मी पन्नास वर्षांत करू शकले नाही. जिथे इस्त्री टेकते तिथे आधी भाजतं. ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणतात ना. अस्तर जळतच असणार, तुम्हाला एकच दिसलं एवढंच.

उत्तर दे. शिंपीभाऊसुद्धा थांबलेत.

आजी


१ मार्च

प्रिय आजी,

तुझा प्रश्न मी जेवणाच्या सुट्टीत मोठ्या बाईंना विचारला. म्हटलं, एका अनुभवी व्यक्तीने विचारलाय. त्या हसल्या, "बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय." (अंगठीबद्दल मी काही बोलले नाही.)

उत्तर असं: शिरेतून रक्त सतत वाहत असतं. ते मण्याजवळून जातं तेव्हा अस्तर थंड ठेवतं. ताप भिंतीत खोल शिरतो, तिथे थंड करायला काही नाही, म्हणून बाहेरचे तंतू भाजतात आणि अस्तर वाचतं. गंमत वाटते ना? मलाही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटली होती.

डुकरांजवळ एक ताई असते, ती त्यांना रोज खायला घालते. शेवटच्या दिवशीही तीच बसते. तिला कोणी सांगितलेलं नाही, ती आपणहून बसते.

अकरा नंबरचं काय करायचं ते ठरत नाहीये. एकशे अठ्ठावीस डाग दिले (चटके, आजी, चटके!), त्यातला एक अस्तराला लागला. मोठ्या बाई म्हणतात, एवढ्याने काही बिघडत नाही, शिवाय तिसाव्या दिवशी तो भरून येताना दिसतोय. मार्च संपताना अहवाल द्यायचा. नव्वद दिवसांच्या आठ जनावरांचं मागाहून जोडायचं. अहवाल गेला की तीन दवाखान्यांत माणसांवर सुरू. काचपट्ट्यांच्या पानावर माझी सही लागते.

तुझी तब्येत कशी आहे? "ठणठणीत" सोडून दुसरा शब्द वापर.

भुंगी


९ मार्च

भुंगे,

ओलं फडकं! हे आधी सांगायचंस ना. लोकरीच्या कोटावर आम्ही ओलं फडकं टाकतो आणि वरून इस्त्री दाबतो. फडकं ताप खातं, कोट वाचतो, घडी मात्र आतपर्यंत बसते. तुमचं रक्त म्हणजे ते फडकं. एवढंच होतं तर एवढं शिक्षण कशाला लागलं तुला?

आता मी सांगते ते तुझ्या मोठ्या बाईंना विचार. माझ्या हातून आयुष्यात ज्या चार-सहा कोटांचं वाटोळं झालं, ते इस्त्री जास्त तापली म्हणून नाही झालं. फडकं वाळलं होतं म्हणून झालं. हात तोच, कोळसा तोच. फडकं वाळलंय हे वरून दिसत नाही गं. वाफेचा आवाज बंद होतो, तो कान देऊन ऐकावा लागतो. तर अकरा नंबरच्या वेळी फडकं वाळलं होतं का? ती डुकरीण इतरांहून वेगळी होती का? लहान, म्हातारी, आजारी? काही तरी असणार. एकशे अठ्ठावीस म्हणजे मोठा आकडा, पण शितावरून भाताची परीक्षा करायची तर कच्चं शीत बाजूला काढून ठेवतात का?

आणि "भरून येतंय" म्हणू नकोस. भाजलेलं कापड त्या दिवशी चांगलंच दिसतं. गिऱ्हाईक खूश होऊन घेऊन जातं. तिसऱ्या धुण्याला तिथेच फाटतं, आणि मग ते माझ्याकडे येत नाही, धोबिणीला शिव्या देतं. तुम्ही तुमच्या शिरा किती धुण्यांनंतर बघता?

तब्येत उत्तम. हा दुसरा शब्द.

आजी

ता.क. हे माझं, शिंप्याचं. आजींना वाटतंय मी पाकिटावर पत्ता लिहितोय. भुंगे, तू लिहिलेल्या त्या तीन दवाखान्यांतला एक आमच्या इथला मोठा दवाखाना आहे. तिथे जानेवारीत आजींनी कागदावर अंगठा दिलाय. हाच उपाय. माणसांवर सुरू झाला की यादीत पहिलं नाव त्यांचं. कागद अकरा पानांचा होता, तो मीच वाचून दाखवला. खरं सांगतो, तीन पानं मी गाळली. शब्द जिभेला येईनात आणि मागे रांग होती. कशासाठी दिला ते सांगणार नाही, तशी शपथ घातलीय. पण तुझं मागचं पत्र वाचल्यापासून माझा दोरा सुईत जात नाही.


१५ मार्च

आजी,

शिंपीकाका, हे सगळं मोठ्याने वाचा. तुमचं नाव येईल तिथे खोकू नका.

आधी कामाचं. तुझं पत्र खिशात घालून मी नोंदी काढल्या. अकरा नंबरची डुकरीण त्या सोळांत सगळ्यांत लहान होती. इतरांच्या शिरा पाच-साडेपाच मिलिमीटर, तिची साडेतीन. शिंपीकाकांच्या मापाने दोन बारीक टाके. नळी शिरेत शिरली तेव्हा शीर आणखी आखडली, असं त्या दिवशीच्या चित्रात दिसतं. नळीने जवळजवळ पूर्ण जागा व्यापली. बाजूने रक्त जायला वाटच उरली नाही. फडकं वाळलं होतं, आजी. यंत्राने मणी किती तापला ते लिहून ठेवलंय. रक्त वाहतंय की नाही ते कोणी बघितलंच नाही, कारण त्यासाठी यंत्रात काही नव्हतंच.

नव्वद दिवसांच्या आठांमध्ये आणखी दोन लहान आहेत, एकोणीस आणि बावीस. त्यांचे नव्वद दिवस मे महिन्यात भरतात. म्हणजे मार्चमध्ये सही करायची तर त्यांना न बघता करायची.

आता दुसरं. शिंपीकाकांनी मला सांगितलंय, तू अंगठा दिलास ते.

तू मला प्रश्न विचारत होतीस तेव्हा मला वाटत होतं, आजीला उत्सुकता आहे. मी खूश होऊन उत्तरं देत होते. तू स्वतःच्या शिरेबद्दल विचारत होतीस आणि मी डुकरिणीबद्दल सांगत होते. तुझा रक्तदाब किती आहे? गोळ्या किती? अकरा पानांतली आठच ऐकून अंगठा कसा दिलास? मला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही तुला?

मी रागावले आहे. शिंपीकाकांवर नाही. थोडी त्यांच्यावरही.

भुंगी


२३ मार्च

भुंगे,

शिंपीभाऊ नेमके तिथेच खोकले. मी म्हटलं, पाणी प्या आणि पुन्हा वाचा. मग बिचाऱ्या माणसाने टेप गळ्यात घालून सगळं वाचलं. आता मान खाली घालून लिहितायत. मी म्हटलं, लिहा, "मी चुगलखोर आहे." लिहिलं त्यांनी. पण माफ केलंय. इतकी वर्षं एका भिंतीला पाठ लावून बसलोय, एवढं चालतं.

उत्सुकता खोटी नव्हती. स्वतःचं कापड इस्त्रीखाली जाणार म्हटल्यावर माणूस जास्तच निरखून बघतं.

आता ऐक, आणि मध्ये भुणभुण करू नकोस. जानेवारीत एका सकाळी गिऱ्हाईक समोर उभं होतं. मला म्हणायचं होतं, "संध्याकाळी या." तोंड उघडलं तर शब्द येईना. होता गं, आतच होता, दिसत होता मला, पण बाहेर येईना. एक शर्ट इस्त्री करायला लागतो तेवढा वेळ मी तशीच उभी. गिऱ्हाइकाला वाटलं, म्हातारी भाव खातेय. मग आला शब्द, आणि त्याच्या मागोमाग मी त्याला चार जास्तीचे ऐकवले, हिशेब बरोबर करायला. शिंपीभाऊ मला दवाखान्यात घेऊन गेले. रक्तदाब दोनशेला टेकलेला. गोळ्या चार होत्या. डॉक्टर म्हणाले, ही सूचना होती, पुढच्या वेळी शब्द परत येईलच असं नाही. आणि मग त्यांनी तो अकरा पानांचा कागद काढला.

तुम्ही लिहिणारी माणसं. तुमची जीभ गेली तर हात आहे. माझं सगळं दुकान जिभेवर. मला अक्षर नाही. जीभ गेली की मी जिवंत राहीन, खाईन, झोपेन, आणि लोक माझ्यासमोर चुकीचं बोलतील आणि मला त्यांना टोमणा मारता येणार नाही. त्याची मला भीती वाटली. मरणाची नाही वाटली, खरंच. डुकराला अंगठा नसतो, त्याला कोणी विचारत नाही. मला होता, मी दिला. गाळलेली तीन पानं माझ्याच सांगण्यावरून गाळली, शिंपीभाऊ उगाच स्वतःवर घेतायत.

तुला का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तू काचेतून बघताना तुला शीर दिसली नसती, आजी दिसली असती. एक तर तू घाबरून सगळंच वाईट आहे म्हणाली असतीस, नाहीतर माझ्यासाठी घाईने चांगलं आहे म्हणाली असतीस. दोन्हीकडून वाटोळंच झालं असतं.

इथे मी सांगितलं होतं, "पण जरा लवकर करा." शिंपीभाऊंनी लिहिलंही. ते खोडायला लावलंय. वर काळं दिसतंय ते तेच.

सही करायची की नाही, हे मला विचारू नकोस. मला सही करता येत नाही.

आजी


१९ जून

प्रिय आजी,

जवळजवळ तीन महिने लिहिलं नाही. आईकडून तुझं कळत होतं. पाचवी गोळी सुरू झाल्याचं आणि मीठ तोडल्याचं, आणि त्या दिवसापासून तू सगळ्यांच्या जेवणाला नावं ठेवतेस त्याचंही.

मार्चमध्ये मी सही केली नाही. पानावर लिहिलं: "एकोणीस आणि बावीस नंबर बघितल्याशिवाय सांगता येत नाही." खाली कारण लिहिताना योग्य शब्द सापडेना, म्हणून वाळलेल्या फडक्याचं उदाहरण दिलं. मोठ्या बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पान वाचलं आणि विचारलं, "इस्त्री कुठून आणलीस?" मी म्हटलं, "घरून." त्या म्हणाल्या, "तीन दवाखाने थांबलेत. माणसं थांबलीत. तुला कल्पना आहे ना?" मी म्हटलं, आहे. किती आहे ते मात्र सांगितलं नाही.

मे महिन्यात दोन्ही बघितली. एकोणीस स्वच्छ होती, पूर्ण. मला इतका आनंद झाला की मी चहा आणायला गेले आणि कपात चहा ओतायचाच विसरले. मग बावीस. अस्तर भाजलं होतं, भरून आलं होतं, आणि भरता भरता आत वाढलं होतं. शीर अर्धी बुजली होती. तिसाव्या दिवशी बघितली असती तर तीही "भरून येताना" दिसली असती. तुझं तिसरं धुणं.

मोठ्या बाईंना काचपट्टी दाखवली. त्यांनी ती काढून पुन्हा लावली, पुन्हा बघितली. मग त्याच म्हणाल्या, नियम लिही. आम्ही दोघींनी मिळून लिहिला. एक: मण्याच्या बाजूने रक्त वाहतंय हे दिसत नाही तोवर यंत्र तापणारच नाही, असं करायचं. त्याला चार महिने लागतील. दोन: चार मिलिमीटरपेक्षा बारीक शिरेत नळी घालायची नाही. कोणाच्याही.

जुने सगळे कागद रद्द झाले, तुझाही. ऑक्टोबरमध्ये नवा कागद येईल. या वेळी मी रजा घेऊन येते आणि अकराच्या अकरा पानं मी वाचून दाखवते.

तुझी शीर किती आहे ते मला माहीत नाही. "कोणाच्याही" हा शब्द मीच सुचवला. लिहून झाल्यावर स्वतःला विचारलं, आजीची बारीक असेल हे माहीत असतं तर साडेतीनवर थांबले असते का? तेच आता तुला विचारते.

भुंगी


२ नोव्हेंबर

भुंगे,

तू परवाच्या गाडीने गेलीस आणि काल मापाचा निकाल आला. थांबली असतीस तर पत्राचा खटाटोप वाचला असता, पण तुमच्या रजा म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

पानं तू छान वाचलीस. शिंपीभाऊ म्हणतात, त्या तीन पानांत एवढं काही नव्हतं, उगाच घाबरलो. मी म्हटलं, सगळ्यांत महत्त्वाचं तिथेच होतं. तिसऱ्या ओळीत "उपचार अर्धवट सोडून घरी जाण्याची मुभा आहे" असं होतं.

तर दवाखान्यात मला त्या गोल यंत्रात सरकवलेलं, ते तू बघितलंसच. काल डॉक्टरांनी समोर बसवलं. डावी तीन पूर्णांक चार. उजवी तीन पूर्णांक सहा. तो डॉक्टर तसा कोवळा आहे, त्याला वाईट सांगायची सवय नाही, कागदाआडून बोलत होता. म्हणाला, "आजी, नियम आहे, चारच्या खाली करता येत नाही." मी विचारलं, "कोणी केला नियम?" तो म्हणाला, "प्रयोगशाळेत कोणीतरी." मी म्हटलं, "कोणीतरी नाही, माझी नात. आणि तिला ते सुचलं एका डुकरिणीमुळे, तिचीही साडेतीन होती. आमचं माप एक." त्याला हसावं की उठून उभं राहावं ते कळेना. म्हणाला, "मग तुम्ही त्यांच्याशी बोलून बघा, काही अपवाद…" मी म्हटलं, "बाळा, तो शब्द गिळ." गिळला त्याने.

घरी चालत आले. वाटेत दोनदा बसले. पहिल्यांदा दमले होते. दुसऱ्यांदा दमले नव्हते, नुसती बसले होते. शिंपीभाऊ शेजारी उभे राहिले आणि रस्त्याकडे बघत राहिले, भला माणूस.

रक्तदाब एकशे सत्तर आहे. पाच गोळ्यांनी एवढा उतरलाय, आणखी उतरेल म्हणतात, आणि नाही उतरला तर नाही. त्याचं मी काय करतेय ते ऐक. शिंपीभाऊ माझी वाक्यं लिहून ठेवतायत. एकेका चिठ्ठीवर एकेक. मला वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक चिठ्ठीला त्यांनी एक चिंधी टाचलीय. खरखरीत गोणपाट म्हणजे "चहा थंड आहे." सुती म्हणजे "खिडकी उघडा." मखमल म्हणजे "माझ्यासमोर कुजबुजू नका, कान शाबूत आहेत." रेशमी दोन आहेत, एक तुझ्या बापासाठी आणि एक, तू कधी आणलास तर, माझ्या नातजावयासाठी, ती तो दिसेपर्यंत कोणाला वाचू देणार नाही. तीस चिठ्ठ्या झाल्या. जीभ गेलीच तर बोटांनी चाचपून काढीन आणि समोरच्याच्या हातात देईन. शिंपीभाऊंना सगळ्यांत जास्त मेहनत "ही शिवण वाकडी आहे" लिहायला पडली.

काल ते म्हणाले, "भुंगीसाठी कोणतं कापड?" मी म्हटलं, तिच्यासाठी काही साठवायचं नाही. तिला सांगायचं ते तोंड चालतंय तोवर सांगते.

तू विचारलं होतंस ना, माहीत असतं तर साडेतीनवर थांबले असते का. नसतीस थांबली. थोडी रडली असतीस, चष्मा पुसला असतास आणि चारच लिहिलं असतंस. मी ओळखते तुला. आणि मी तुझ्या जागी असते तर मीही चारच सांगितलं असतं, शिंपीभाऊंकडून लिहून घेऊन. नियम बरोबर आहे. माझ्यासाठी तो उसवू नकोस.

पण मला डॉक्टरांनी घरी पाठवलं तेव्हा बाहेरच्या बाकावर आणखी दोघीजणी बसल्या होत्या. एक माझ्याहून बारकी, एक अगदीच तरुण. दोघींचंही माप कमीच निघालं. दोघींना तोच कागद, तोच नियम, तोच कोवळा डॉक्टर. मी त्यांना म्हटलं, थांबा, मी विचारून सांगते. तेव्हा आता उत्तर दे, लवकर नको, नीट दे, आम्ही तिघी थांबलोय: बारीक शिरांच्या माणसांसाठी तुम्ही काय करणार आहात?

तुझी आजी